जुन्या गिटारला नवा रंग दिला की किंमत निम्मी होते, मग जेफ बेकच्या रंग बदललेल्या गिटारला ११ कोटी कसे मिळाले?

जानेवारी २०२५. लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने ब्रिटिश गिटारवादक जेफ बेक यांच्या गिटार विक्रीला काढल्या होत्या. बेक यांचं निधन २०२३ मध्ये झालं होतं. या लिलावात १९५४ सालची एक गिब्सन लेस पॉल होती. अंदाज होता साडेतीन ते पाच लाख पौंडांचा. हातोडा पडला आणि सगळे आकार धरून किंमत गेली १० लाख ६८ हजार ५०० पौंडांवर. आपल्याकडचे साधारण ११ कोटी रुपये.

आता यातली गंमत बघा.

ही गिटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा सोनेरी रंगाची होती. पुढे तिचा रंग काढून गडद तपकिरी-लालसर रंग मारला गेला, त्यावरून तिचं नावच ‘ऑक्सब्लड’ पडलं. मूळचे पिकअप काढून दुसऱ्या जातीचे बसवले. तारा पिळायच्या खुंट्या बदलल्या. नेकची जाडीसुद्धा कमी केली. जुन्या गिटारचा व्यवहार करणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला नाव न सांगता अशी गिटार दाखवली, तर तो पहिलं वाक्य म्हणेल, “अरेरे, काय वाट लावली हिची!”

म्हणजे एकीकडे नियम असा की जुन्या गिटारला हात लावला की किंमत पडते. दुसरीकडे जगातल्या सर्वात महागड्या गिटारपैकी बऱ्याच गिटार उघडून, कापून, जोडून बदललेल्या आहेत. हे गणित नेमकं काय आहे? आणि घरात काकांची जुनी गिटार पडलेली असेल किंवा ऑनलाइन एखादी ‘व्हिंटेज’ गिटार दिसली असेल, तर त्यातून आपण काय शिकायचं? सविस्तर बघूया.

‘व्हिंटेज’ म्हणजे फक्त जुनं का?

नाही. या बाजारात प्रत्येक जुन्या वस्तूला भाव नाही. ठराविक कंपन्या, ठराविक मॉडेल आणि ठराविक वर्षं, असा हा खेळ आहे.

यातलं पहिलं नाव फेंडर. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण त्यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणि १९६० मध्ये जॅझ बेस. त्याआधी बँडमध्ये बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी वाद्य. प्रिसिजन बेसमुळे ते काम गळ्यात अडकवता येईल अशा वाद्यावर आलं. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. त्यानंतर हळूहळू दर्जा घसरला, असं वादक म्हणू लागले. म्हणून आजही बाजारात ‘प्री-सीबीएस’ हा शब्द सोन्याच्या भावाने चालतो.

दुसरं नाव गिब्सन. १९५८ ते १९६० या काळात गिब्सनने लेस पॉल स्टँडर्ड हे मॉडेल चेरी सनबर्स्ट रंगात काढलं. तेव्हा तिची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती आणि ती फारशी खपली नाही. शेवटी कंपनीने तो आकारच बंद करून १९६१ मध्ये नवा, पातळ आकार आणला.

पण ब्रिटनमधल्या पोरांनी खेळ फिरवला. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सच्या अल्बममध्ये एरिक क्लॅप्टन यांनी अशीच लेस पॉल मोठ्या आवाजाच्या अँपला जोडून वाजवली आणि सगळ्यांना तोच आवाज हवासा वाटू लागला. कंपनीने १९६८ मध्ये लेस पॉल परत सुरू केली. पण १९५९ च्या गिटार पुन्हा १९५९ मध्ये जाऊन बनवता येत नाहीत. एकूण अंदाजे दीड हजार नग, मागणी जगभरातून. आज चांगल्या स्थितीतली मूळ ‘बर्स्ट’ लाखो डॉलरना जाते. मार्क नॉफ्लर यांच्या १९५९ च्या लेस पॉलला जानेवारी २०२४ च्या लिलावात ६ लाख ९३ हजार पौंड मिळाले.

थोडक्यात, ज्या मालाला त्या काळात गिऱ्हाईक नव्हतं, तोच आज दुर्मिळ झालाय.

किंमत नेमकी कशाची असते?

संग्राहकाला हवं असतं ते मूळपण. गिटार ज्या रंगात, ज्या स्क्रूसकट कारखान्यातून निघाली, तशीच आज आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न.

बाजारात एक ठोकताळा चालतो. संपूर्ण गिटारला पुन्हा रंग दिला असेल, तर तशाच मूळ रंगातल्या गिटारच्या तुलनेत किंमत साधारण निम्मी धरतात. गिब्सनच्या नेकचा वरचा भाग मागे झुकलेला असतो आणि तिथेच आतल्या सळईसाठी लाकूड कोरलेलं असतं. त्यामुळे गिटार पडली की नेमकी तिथे तुटते. ती कितीही सुबक जोडली, आवाज अगदी तोच आला, तरी किमतीला मोठा फटका बसतो.

पिकअप बदलले, मोठा पिकअप बसावा म्हणून राऊटरने लाकूड कोरलं, स्विचसाठी एक जास्तीचं भोक पाडलं, या प्रत्येक गोष्टीला वजावट आहे. गिब्सनचे १९५७ पासूनचे ‘पॅटंट अप्लाइड फॉर’ असं छापलेल्या चिकटपट्टीचे हंबकर पिकअप तर सुटेसुद्धा हजारो डॉलरना विकले जातात. १९७० च्या दशकात कुणी ‘जुने झाले’ म्हणून ते काढून फेकले असतील, तर त्याने नकळत गिटारच्या किमतीचा मोठा हिस्सा कचऱ्यात टाकला.

लक्षात घ्या, यातल्या बऱ्याच बदलांनी गिटार वाजायला वाईट होत नाही. कधीकधी चांगलीच होते. म्हणजे वाद्य म्हणून किंमत आणि वस्तू म्हणून किंमत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ इथेच सुरू होतो.

मग ऑक्सब्लडला ११ कोटी का?

कारण तिथे लोक गिटार विकत घेत नव्हते, जेफ बेकचा हात विकत घेत होते. बेक यांनी ती १९७२ मध्ये मेम्फिसमधून घेतली, आणि १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांच्या हातात तीच गिटार आहे. तिचा बदललेला रंग हीच तिची ओळख झाली. आता तिला परत सोनेरी केलं, तर उलट किंमत जाईल.

हे एकच उदाहरण नाही.

क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलमधून जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून एक गिटार तयार केली, तीच ‘ब्लॅकी’. नियमाने बघितलं तर ती भंगारातून जुळवलेली गिटार. २००४ मध्ये तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले.

पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांची ‘ब्लॅक स्ट्रॅट’ घ्या. नेक अनेकदा बदलली, पिकगार्ड बदललं, जास्तीचा स्विच बसवला, एकदा तर वेगळा ट्रेमोलो बसवायला लाकूड कोरलं आणि नंतर ते भरून घेतलं. जून २०१९ मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्या लिलावात एकूण १२६ गिटार होत्या आणि मिळालेले सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर गिलमोर यांनी हवामान बदलावर काम करणाऱ्या ‘क्लायंटअर्थ’ संस्थेला दिले.

बेसमध्ये सर्वात गाजलेलं उदाहरण जॅको पास्टोरियस यांचं. त्यांच्या १९६२ च्या जॅझ बेसवरचे सगळे फ्रेट काढलेले होते, खाचा भरलेल्या होत्या आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं होतं. कुठल्याही संग्राहकाच्या छातीत धस्स व्हावं असा प्रकार. पण फ्रेटशिवायच्या बेसचा तो सरकता, गाणारा आवाज जगभर पोचला तो याच वाद्यातून.

म्हणजे नियम मोडलेला नाही. एकच नियम आहे, की किंमत गोष्टीला मिळते. साध्या गिटारची गोष्ट तिच्या कारखान्यात संपते, म्हणून तिथे मूळपण महाग. प्रसिद्ध वादकाच्या गिटारची गोष्ट कारखान्यानंतर सुरू होते, म्हणून तिथे बदलसुद्धा महाग. आणि दोन्हीकडे लागतो तो पुरावा.

पुरावा किती मोठी गोष्ट आहे?

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये साधारण ३० पौंडांना एक होफ्नर बेस घेतला. व्हायोलिनच्या आकाराचा. मॅकार्टनी डावखुरे, आणि हा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नव्हता. बीटल्सची सुरुवातीची गाणी याच बेसवर वाजली. १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून तो चोरीला गेला.

पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, एका शोधमोहिमेने लोकांना माहिती कळवायचं आवाहन केलं. बेस एका घराच्या माळ्यावर सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मॅकार्टनी यांच्याकडे परत आल्याचं जाहीर झालं. तो थोडा तुटलेला होता, नंतर दुरुस्त केला गेला. पण तो ‘तोच’ हे ठरवायला होफ्नरच्या जाणकारांनी बारकाईने तपासणी करावी लागली.

हीच गोष्ट साध्या खरेदीलाही लागू होते. जुन्या गिटारबरोबर मूळ बिल, जुने फोटो, मूळ केस असेल तर किंमत वाढते. आणि चोरीची गिटार घेतली, तर पैसे दिले म्हणून ती तुमची होत नाही.

पण जुनी गिटार खरंच चांगली वाजते का?

वादक मंडळी यावर रात्रभर भांडू शकतात. गिटारपेक्षा व्हायोलिनच्या बाबतीत यावर जास्त काटेकोर काम झालंय. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एका प्रयोगात २१ व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर गॉगल लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिले. तीन नवे, तीन अठराव्या शतकाच्या आसपासचे, त्यात दोन स्ट्रॅडिव्हरियस. बहुतेकांना जुनं-नवं ओळखता आलं नाही आणि सर्वात जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तर आवाजाचा मोठा भाग पिकअप, तारा, अँप आणि वाजवणाऱ्याची बोटं ठरवतात. एका जुन्या गिटारला तिचा स्वतःचा स्वभाव असतो, हे खरं. पण एकाच वर्षीच्या दोन गिटारसुद्धा एकमेकींपासून वेगळ्या वाजतात, कारण तेव्हा पिकअपला गुंडाळल्या जाणाऱ्या तारेचे वेढे दर वेळी सारखे नसत. म्हणून “१९६३ ची आहे म्हणजे भारीच वाजणार” या वाक्यावर पैसे देऊ नका. हातात घ्या, वाजवा, मग ठरवा.

घ्यायचीच असेल, तर तपासायचं काय?

पहिलं, झिजलेल्या रंगावर जाऊ नका. फेंडर कंपनी १९९५ पासून स्वतःच ‘रेलिक’ नावाने मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटार विकते. ओरखडे म्हणजे वयाचा दाखला नाही.

दुसरं, सीरियल नंबर एकट्याने काही सिद्ध करत नाही. जुन्या फेंडरवर तो नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असतो, आणि ती पट्टी चार स्क्रूंवर निघते. गिब्सनने १९६० च्या दशकात एकच नंबर अनेक गिटारना दिला आहे.

तिसरं, आत बघा. आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखाली जो पॉट असतो, त्याच्या पाठीवर आकडे असतात. उदाहरणार्थ १३७६३१५. यातले १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६३ म्हणजे १९६३ आणि १५ म्हणजे त्या वर्षीचा १५ वा आठवडा. गिटार ‘१९६० ची’ म्हणून सांगतात आणि पॉट १९६३ चा निघाला, तर एक तर पॉट बदललाय किंवा गोष्ट खोटी आहे. मात्र पॉट जुना निघाला म्हणून गिटार जुनी, असं उलटं गणित चालत नाही. जुने सुटे पॉटही विकत मिळतात.

चौथं, सोल्डरचे डाग बघा. कारखान्यातले जोड कधी न हललेले असतील तर ते एकसारखे, धूळ बसलेले असतात. एखादाच जोड चकचकीत दिसला, तर विचारा की का.

पाचवं, अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा टाका. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्यात फिकट हिरवट-पिवळसर चमकतं. मध्येच एखादा भाग काळपट दिसला, तर तिथे रंग किंवा दुरुस्ती झालीय.

आणि हे सगळं विकणाऱ्यासमोर, त्याच्या परवानगीने करा. तो “नाही” म्हणाला, तर तेही उत्तरच आहे.

दुरुस्ती आणि बदल यात फरक काय?

गिटार वाजवली की फ्रेट झिजतात. ते बदलणं म्हणजे गाडीचे टायर बदलण्यासारखं. चांगल्या कारागिराने केलं असेल तर खरेदीदार ते समजून घेतात. खरखरणारा पॉट आधी क्लीनरने साफ होतो का बघावं, लगेच बदलू नये.

सोपा नियम असा, की जे परत पूर्ववत करता येतं ते करा, जे येत नाही ते दहा वेळा विचार करून करा. पिकअप बदलायचाय? बदला, पण काढलेला पिकअप, स्क्रू, जुनी वायर, सगळं एका पिशवीत घालून केसमध्ये ठेवा. लाकूड कोरणं, रंग काढणं, नवीन भोक पाडणं मात्र परत फिरवता येत नाही.

जुन्या लॅकरवर थिनर किंवा स्पिरिट लावू नका, रंगच सुटेल. काही स्वस्त स्टँडचं रबर लॅकरला चिकटून कायमचा डाग पाडतं, तिथे सुती कापड गुंडाळा.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांसाठी खास सूचना. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, नेक वाकते, पिकअप आणि स्क्रू गंजतात. गिटार भिंतीला टांगण्यापेक्षा केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळोवेळी बदला. वाजवून झालं की तारा पुसा. नेकमधली सळई फिरवायची वेळ आलीच, तर एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नाही. शंका असेल तर कारागिराकडे जा.

या सगळ्यात भारत कुठे आला?

लाकडातून. जुन्या गिटारच्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोझवुड वापरायचे. या झाडाची इतकी तोड झाली की १९९२ मध्ये ते साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे सर्वात कडक संरक्षणात. त्याच्या आधीच, ब्राझीलने लाकडाच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर, मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये दुसरं लाकूड धरलं. ते होतं भारतीय रोझवुड, आपल्या सह्याद्रीतली शिसवी. आज जगभरातल्या कितीतरी गिटारवर हेच लाकूड असतं.

२०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण कुळावर साइट्सचे निर्बंध आले आणि गिटार परदेशी पाठवणाऱ्यांची धांदल उडाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. पण ही सूट ब्राझिलियन रोझवुडला नाही. म्हणजे १९६२ ची स्ट्रॅटोकास्टर एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची, तर तिच्यावरच्या त्या एका पट्टीसाठी कागदपत्रं लागतात. ती नसतील तर गिटार जप्त होऊ शकते. शिवाय भारतात वापरलेल्या वस्तू आयात करण्यावर वेगळे निर्बंध आहेत. त्यामुळे परदेशी वेबसाइटवर ‘बाय नाऊ’ दाबायच्या आधी कस्टम एजंटशी बोला. सीमाशुल्क, कर आणि विम्याचा खर्च धरूनच गिटारची खरी किंमत ठरते.

मग गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

लिलावाच्या बातम्या वाचून तसं वाटणं साहजिक आहे. पण त्या बातम्या काही मोजक्या वादकांच्या गिटारच्या असतात. साध्या व्हिंटेज गिटारचा बाजार चढतो तसा पडतोही. २००८ च्या आर्थिक संकटात तो जोरात पडला होता. आणि ज्या पिढीने क्लॅप्टन, बेक, गिलमोर ऐकत तारुण्य घालवलं, ती पिढी आता सत्तरीत आहे. तिच्यानंतर याच गिटारना तेवढंच गिऱ्हाईक राहील का, हा या बाजारापुढचा सर्वात मोठा प्रश्न आहे.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा, मला वाजवायचीय की जपायचीय? वाजवायची असेल, तर पुन्हा रंगवलेली, जोडलेली, बदललेली जुनी गिटार शोधा. संग्राहक जिच्याकडे पाठ फिरवतो ती निम्म्या किमतीत मिळते आणि हातात तितकीच छान वाजू शकते. पुढचे बदलही त्यावर बिनधास्त करता येतात. जपायची असेल, तर एकही स्क्रू न हलवलेली घ्या आणि कागदपत्रांशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि घरातल्या माळ्यावर एखादी जुनी गिटार असेल, तर तिला रंग मारायला देण्याआधी तिचे फोटो काढा, आतले आकडे वाचा, एखाद्या जाणकाराला दाखवा. बहुतेक वेळा ती फार महाग निघणार नाही. पण एकदा पॉलिश पेपर फिरवला, की ते कळायची संधीही गेली.